सरपंचाच्या दाखल्यासह तिसरा खर्डा

संचिताने प्रकल्पाचा तिसरा खर्डा टेबलावर ठेवला, तेव्हा त्याच्या अकराव्या पानाला एक दाखला टाचलेला होता. गोल शिक्का, जावक क्रमांक, खाली सरपंचांची लफ्फेदार सही. 'दाखला देण्यात येतो की, मौजे आंबेखोल येथील रहिवासी श्रीमती सत्यवती घाडी यांनी भाताच्या बियाण्याविषयी कु. संचिता हिला दिलेली माहिती खरी व बरोबर आहे.'

इनासिया लोबो बाईंनी तो दोनदा वाचला. मालवणच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवून त्यांचे केस पिकत आले होते. मुलांनी कॉपी करून आणलेले प्रकल्प त्यांनी पाहिले होते, कधी मावसभावाने लिहून दिलेलेही. शिक्का मारून आणलेलं सत्य मात्र आज पहिल्यांदा हातात आलं होतं.

"हे काय गं?"

"मॅडम, मागच्या खर्ड्यावर तुम्ही त्या वाक्यापाशी लिहिलं होतं, 'हे कशावरून?' म्हणून आणला." संचिता नजर खाली घालून उभी. "दोन दिवस गेले. सरपंच ओरोसला मीटिंगला होते."

बाईंना हसू फुटणार होतं, पण पोरीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. खर्ड्याचं पहिलं पान उघडलं. 'वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आंबेखोल येथे पूर्वी भाताच्या अकरा जाती लावल्या जात असत, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. तरी सदर बाब विचारात घेण्यात यावी.'

आता ह्याला काय म्हणावं? भातानेसुद्धा हात जोडलेले होते. पण पुढच्या तासाची घंटा झाली होती, दारात दुसरी मुलं खोळंबली होती, आणि हाताची सवय मनाच्या पुढे धावते. बाईंचं लाल पेन आपसूक वर गेलं. 'पुनर्लेखन आवश्यक.' दोन शब्द. खर्डा परत.

संचिताने तो छातीशी धरला, "हो मॅडम" म्हटलं आणि ती गेली.

तिसऱ्या दिवशी फोनवर मेसेज आला. 'महोदया, काही घरगुती कारणास्तव माझे नाव प्रकल्पातून कमी करण्यात यावे, ही नम्र विनंती. आपली विश्वासू.'

वर्गातल्या मैत्रिणीकडून, शेजारच्या गावच्या शर्मिलाकडून, बाकीचं कळलं. तारकर्लीच्या एका लॉजवर काउंटरला बसायला मुलगी हवी होती, संचिता सोमवारपासून जाणार होती. प्रकल्प नाही तर पदवी नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि प्रकल्प द्यायला उरले होते अकरा दिवस. आंबेखोलच्या त्या वाडीतून कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी.

बाईंनी त्या दुपारी कपाट उघडून तिचा पहिला खर्डा काढला. मुलांचे पहिले खर्डे पुढच्या खर्ड्यासोबत परत मागून त्या जपून ठेवत. चौथ्या पानावर संचिताने निळ्या शाईत लिहिलं होतं: 'सत्यवती काकी बेळा जातीच्या भाताचे तांदूळ ओंजळीत घेऊन हुंगते आणि ते कुठल्या कुणग्यातले, शेताच्या कुठल्या तुकड्यातले, ते सांगते. मी तिला तीनदा फसवायला गेले. तिन्ही वेळा मीच फसले.'

आणि शेजारी लाल शाईत: 'व्यक्तिगत. वगळा.'

अक्षर कोणाचं, हे विचारायची गरजच नव्हती. तो वळणदार 'ळ' इनासिया बाईंचाच.

त्यांनी पानं उलटली. 'संदिग्ध.' 'विस्तार करा.' 'संदिग्ध.' 'हे कशावरून?' खर्डा तीन आठवड्यांनी परत दिल्याची तारीखही त्यांच्याच हाताची. पहिल्या खर्ड्यात पोरगी बोलत होती. दुसऱ्यात दबकत होती. तिसऱ्यात अर्ज करत होती. नववीपासून साऱ्या वाडीचे अर्ज तीच लिहायची, कुणाचा विजेचा मीटर तर कुणाचं रेशनकार्ड. त्रुटी काढून कागद परत आला की काय करायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं: आणखी नम्र व्हायचं आणि आणखी एक दाखला जोडायचा. लाल शाईचे शेरे बघून तिने तेच केलं होतं.

घरी आल्यावर बाईंनी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. आग्नेल होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. हातातलं पिस्टन पुसत पुसत त्याने ऐकून घेतलं.

"म्हंजे मी गिऱ्हाइकाक सांगूचा, 'इंजिन बिघडलेला आसा, दुरुस्ती आवश्यक', आणि इंजिन परत त्याच्याच हातात देवचा?"

"गप ऱ्हव तू!"

"मी गप. पण तू उद्या जातलंस खंय तां माका ठावक आसा. टोपी घेवन जा, ऊन आसा."

*

जानेवारी सरत आला होता. आंबेखोलला बस रिकामी झाली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. काजूंना मोहोर आलेला, हवेत त्याचा आंबूस गोड वास, आणि डोंगराच्या पायथ्याला ओहोळाचं पाणी अडवून केलेली वायंगणी शेती. बाकीची जमीन पिवळी, आणि मधेच एवढासा हिरवा तुकडा, जणू कुणी पोपट बसवून ठेवलाय. तिथे बायका कमरेत वाकून लावणी करत होत्या. गाण्याचा आवाज आधी आला, माणसं मग दिसली.

ओळीच्या टोकाला संचिता होती. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला रुमाल. बाईंना शेताच्या बांधावर, मेरेवर उभं बघून ती ताठ झाली, आणि हातातली तरव्याच्या रोपांची मूठ पाण्यात पडली.

"मॅडम! तुम्ही?"

"शर्मिलाने वाट सांगितली. भेटायला आले."

संचिताची आई तुळसा पदराला हात पुसत पुढे आली. "येवा बाईनू, येवा. घराकडे चला, चाय ठेवतंय."

"चहा मागाहून, वहिनी. तुमचं काम मोडू नका. मी बसते इथेच."

"बसतल्यात कित्याक?" मधून एक खणखणीत आवाज आला. सत्तरीची, काटक, ओठ पानाने लाल झालेली बाई. हीच सत्यवती काकी, दाखल्यावरची. "मेरेर बसान लावणी बघूची नसता. पाय आसत मां तुमका? मगे उतरा!"

सगळ्या खिदळल्या. संचिताने घाबरून काकीला दटावलं, "काकी, मॅडम आसत त्या!"

"आसांदेत! चिखोल काय मॅडम बघून लागता?"

इनासिया बाईंनी चपला काढल्या, साडी खोचली आणि उतरल्या. गार चिखल पोटऱ्यांपर्यंत चढला तेव्हा तोंडून "अरे देवा" निघालं. लहानपणी आजोळी मिठबावला त्यांनी माडांना पाणी घातलं होतं, आंबे उतरवले होते, पण भात कधी लावलं नव्हतं. तुळसाने हातात मूठ दिली, दाखवलं: तीन काड्या घ्यायच्या, अंगठ्याने खाली दाबायच्या, एक पाऊल मागे सरायचं.

बाईंनी लावली. एक, दोन, तीन, चार. पाचवीला पोचतात तोच काकीने सूर धरला, आणि बाकीच्यांनी तो उचलला.

*मालवणची बाई गो आली आमच्या मेरेर,*
*ओळ तिची निघाली बाजाराच्या वाटेर.*
*दोन रोपां उभी गो, तिसरा तरंगता,*
*बोटभर खाली चेप, बघ कसा जगता!*

बाईंनी मान वर करून पाहिलं. खरंच, तिसरं रोप पाण्यावर आडवं झालं होतं आणि ओळ सापासारखी वळली होती. हसण्याची लाट आली. बाईसुद्धा हसल्या. पुढे वाकून त्यांनी तिसरं रोप बोटभर खाली चेपलं. ते उभं राहिलं.

गाणं मात्र थांबलं होतं. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या.

"काय झालं?"

संचिता पहिल्यांदाच हसली. "मॅडम, आता उत्तर द्यायचं असतं. जिच्यावर गाणं म्हटलं तिने. नाहीतर पुढचं गाणं सुरू होत नाही."

"आणि उत्तर नाही दिलं तर?"

"तर तिका रुसली म्हणतत," काकी म्हणाली. "रुसलेल्या बायलेची रोपां पण रुसतत."

इनासिया बाईंनी स्वतः कधी पद जुळवलं नव्हतं. पण त्यांच्या घरात लग्नातल्या रोसाच्या दिवशी नवऱ्या मुलीला नारळाचा रस लावताना बायका पदं जुळवायच्या, आणि त्यांची मावशी त्यात पटाईत. ती चाल आठवली. गळा साफ केला.

*रोप माझा तरंगला, हसा गो हसा,*
*माझ्या बोटांक चिखलाची सवयच नासा.*
*चेपलंय आता खाली गो, हलवून बघा,*
*हलला तर ह्या बाईक चाय नको सांगा!*

काय तो कल्ला! तुळसाने हातातला तरवा उडवला. काकी खरोखरच तरातरा आली, रोप बोटाने हलवून पाहिलं आणि जाहीर केलं, "चाय देवा गो बाईक. घट्ट आसा."

मग ते सूर सुटले ते सुटलेच. तुळसाची ओळ दाट झाली तर तिच्यावर पद, संचिता मागे राहिली तर तिच्यावर. आणि बाई वाकल्या वाकल्या ऐकत होत्या. कुणी "चुकलं" म्हणून थांबत नव्हतं. कितवं रोप, काय झालंय, बोटभर खाली की वितभर उजवीकडे, सगळं त्या चार ओळींत. आधी उभी असलेली दोन मोजायची, मग तरंगणारं तिसरं. आणि हात अजून चिखलात आहे तोवर सांगायचं. तीन आठवड्यांनी सांगितलं तर ते रोप वाहून ओहोळाला लागलेलं असणार.

बाईंना आपली लाल शाई आठवली, आणि उन्हाचा टोपीतूनही चटका बसला.

*

दुपारी मेरेवर पेज आली. उकड्या तांदळाची ऊन पेज, भाजलेला सुका बांगडा, करवंदाचं लोणचं. संचिता बाईंच्या शेजारी बसली, पण अंतर राखून.

"लॉजवर कधीपासून?"

"सोमवारी." पेज ढवळत ती म्हणाली, "मॅडम, मला नाही जमत ते लिहिणं. तुम्ही 'संदिग्ध' लिहिलंत. मी तीन दिवस त्या शब्दाकडे बघत बसले. कुठलं वाक्य, तेच कळेना. मग मी सगळीच बदलली."

"चांगली होती तीसुद्धा?"

"चांगली कुठली, ते कुठे लिहिलं होतं?"

बाईंनी पेजेचा घोट घेतला.

"नव्हतं लिहिलं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. तो काकीच्या हुंगण्याचा परिच्छेद तर मी काढायलाच लावला. अख्ख्या खर्ड्यातला तोच सगळ्यात चांगला होता."

संचिताने त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू तहसीलदाराने खुर्चीतून उठून तिला बसायला सांगितलं.

बाईंनी वाडगा खाली ठेवला आणि भाषाच बदलली. "माका एक सांग. कागद सोड, अर्ज सोड. तुका ह्या प्रकल्पात म्हणूचा काय आसा?"

"म्हणूचा म्हंजे..." संचिता घुटमळली, आणि मग एकदम सुटली, ओहोळाचा बांध फुटावा तशी. "मॅडम, आमच्या वाडीत अकरा भातां होती. आता चार उरली. लोक म्हणतत, ज्येंनी जपली त्येंची उरली. पण तसा नाय! मी घरोघर फिरलंय. एका साली वाडीतला बियाणाच कुसला, कोणाकडेच उरूक नाय. मगे परत इला खंयसून? लेकींकडसून! लगीन झाल्यार चेडवाच्या ओटीत पायलीभर बियाणा घालतत. ता तिच्या सासरी रुजता. हयसर संपला, की आवस लेकीच्या घराक जाता आणि मागून हाडता. म्हणान ज्या घरातल्या लेकी शेतकऱ्याकडे दिल्यानी, त्याच घरातला भात उरला."

बाई पुढे सरकल्या. "आणि ह्यां तू खंय लिवलंस?"

"लिवक नाय."

"कित्याक?"

"त्येका सरपंच दाखलो देवचे नाय."

आता मात्र बाईंना हसू आवरेना. संचिताही हसायला लागली, लाजत लाजत, आणि मग दोघी इतक्या हसल्या, की काकी बांगडा टाकून विचारायला आली. कळलं तेव्हा तिने कमरेवर हात ठेवले.

"माझ्या बोलण्याक सरपंचाचो शिक्को? तो शंकर माझ्यासमोर नागडो फिरायचो! लिही गो चेडवा. माझो बेळो माझ्या सीतेन परत दिल्यान. पोईप गावाक दिलेली माझी लेक सीता. ज्या साली आमच्या पुलाचा काम झाला, त्या साली. माझ्या पिशयेत घालून दिल्यान, नवऱ्याक नकळत."

"माझी वालय माझ्या नणंदेन," तुळसा म्हणाली.

मेरेवर एकेक बाई बोलायला लागली. कुणाचं नाव, कुठलं गाव, कुठल्या साली, पिशवीत की ओटीत. संचिताने धावत जाऊन दप्तरातली वही आणली. बोटांना चिखल लागलेला, पानावर ठसे उमटत होते.

"हेच," बाई हळूच म्हणाल्या. "'कशावरून' विचारलं तेव्हा मला हेच हवं होतं. कोण म्हणालं, कधी, कुठल्या घरात. मी ते नीट विचारायला हवं होतं."

पान भरलं. संचिताने उलटलं. सोमवारच्या लॉजचा विषय पुन्हा निघाला नाही. संध्याकाळच्या बसला सोडायला आली तेव्हा तीच म्हणाली, "लॉजवाल्यांना मे महिन्यात येते म्हणून कळवते. तेव्हा गर्दी असते, नाही म्हणायचे नाहीत."

*

पुढचे आठ दिवस दोघींचे फोन तापले. नियम बाईंनी घातला: एका वेळी दोनच पानं. लिहिलीस की लगेच पाठव, मी त्याच दिवशी बोलते. आणि बाई बोलायच्या, छोटे छोटे ध्वनिसंदेश, कधी कॉलेजच्या जिन्यात, कधी मासळी बाजारातून. "दुसरा परिच्छेद उभा आहे, त्याला हात लावू नको. तिसऱ्यात तू म्हणतेस बियाणं 'नष्ट झाले'. कसं गं? पाणी, कीड, की कुणी विकत घेणंच थांबवलं? मी वाचणारी, मला काही माहीत नाही असं धर." मागे कोळीण ओरडत असायची, "सुरमई घेवा बाई, ताजी आसा!"

संचिताचं उत्तर यायचं. आधी नुसतं "हो मॅडम". मग "हो मॅडम, पण". चौथ्या दिवसापासून 'हो' गळून पडलं.

अर्जाची सवय मात्र चिवट. पाचव्या दिवशी एका पानावर पुन्हा 'तरी सदर बाब विचारात घेण्यात यावी' उगवलं. बाईंनी विचारलं, "हे कोणाला म्हणतेस? मी काय मामलेदार?" पलीकडून अर्धा मिनिट नुसतं हसणं रेकॉर्ड झालं होतं. त्या जागी संचिताने लिहिलं, 'म्हणून मला असे वाटते.' मग स्वतःच ते खोडून, 'म्हणून मी असे म्हणते.'

आणि मेरेवरच्या बायकांनीही सोडलं नाही. रोज संध्याकाळी काकीच्या पडवीत वाचन व्हायचं. एकदा काकीने मध्येच थांबवलं, "ह्या वाक्य माका कळला नाय, आणि ह्या तर मीच सांगितलंय!" संचिताने ते वाक्य तिथल्या तिथे मोडून दोन केली.

शनिवारी सगळा प्रकल्प बाईंच्या हातात आला. सोमवारी द्यायचा होता. त्यांनी तो सलग वाचला, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला: 'फक्त सहा घरांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येईल का? थोडा सौम्य करावास, असं मला वाटतं.' शर्मिलाबरोबर तो वाडीत परत पाठवला.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परत येऊन बाई फाटक उघडतात, तो संचिता पायरीवर बसलेली. पहिल्या बसने आली होती. हातात फाइल.

"शेवटचं पान बघा, मॅडम," ती म्हणाली, आणि जास्वंदीच्या झाडाकडे बघत उभी राहिली.

बाईंच्या प्रश्नाखाली निळ्या शाईत लिहिलं होतं: 'नाही. निष्कर्ष सहा घरांवरून काढलेला नाही. पान चौदा पाहावे. जी पाच घरे बियाणे गमावून बसली, त्यांपैकी चार घरांत एक तर मुलगी नव्हती, नाहीतर मुलगी शहरात दिली होती. पाचव्या घराचे कारण वेगळे आहे, तेही मी लिहिले आहे. दोन्ही बाजू मोजल्यावरच मी हे म्हणते. सौम्य केले तर ते खोटे होईल. तुम्ही पान चौदा घाईत वाचलेत.'

बाईंनी व्हरांड्यात बसून पान चौदा काढलं. चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. घरांची नावं, लेकींची गावं, सालं, एकाखाली एक. काल ह्याच पानावर असताना आग्नेलने चहाला हाक मारली होती, हेही आठवलं.

"रागावलात?" संचिताचा आवाज बारीक झाला.

बाई हसायला लागल्या. असं हसू, की आतून आग्नेल हातात डाव घेऊन बाहेर आला. रविवारचं डुकराच्या मटणाचं सोरपोतेल तोच करायचा.

"काय झाला गो?"

"माझा चुकला," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "ह्या चेडवान माका पान दाखवून सांगितल्यान, आणि तिचा बरोबर आसा!"

"पंचवीस वर्सां मी सांगतंय, तेव्हा कधी हसलंस नाय?"

"तू पान नंबर देणस नाय!"

बाईंनी खोडरबर मागवला आणि आपला प्रश्न पुसला. मग पेन उघडून 'मार्गदर्शकाची स्वाक्षरी' ह्या रेषेवर सही केली, आणि फाइल संचिताच्या हातात दिली. उद्या सकाळी कार्यालयात द्यायची, झालं. दहा दिवसांपूर्वी हीच पोरगी आपलं नाव कमी करायला निघाली होती, ते आता पहिल्या पानावर ठळक छापलेलं होतं.

संचिताने फाइल घेतली, पण गेली नाही. पायाने पायरीवरची माती उकरत राहिली.

"आता काय?"

"मॅडम, पान एकोणीसवर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत."

"चांगलं आहे म्हणून."

"नाही, मला नाही वाटत." तिने फाइल उघडली आणि बोट ठेवलं. "हे मधलं वाक्य बघा. काकींनी मान डोलावली, पण त्या डोलावतात कधी कधी नुसत्याच. मलाच ते डळमळीत वाटतंय. उद्या दहा वाजेपर्यंत वेळ आहे."

इनासिया बाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि शेजारची खुर्ची ओढली.

"बस. मोठ्यान वाच."

संचिता वाचू लागली. आतून आग्नेलने हाक मारली, जेवण निवतंय म्हणून. मग पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तो स्वतः बाहेर आला, दोघींच्या डोक्यांवरून पान एकोणीसमध्ये डोकावला, थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "तां मधला वाक्य पयला घाला बघू."

दोघींनी एकदमच मान वर केली.